शंभरात एक

सर्बियात आजही एखाद्याला राजकारणातली जहरी शिवी द्यायची असेल, तर त्याला 'ल्योतिचेवात्स' म्हणतात. अर्थ एवढाच, की हा ल्योतिचचा माणूस. ज्याच्या नावावरून ही शिवी पडली तो दिमित्रिये ल्योतिच वारून ऐंशी वर्षं होऊन गेली. आयुष्यात तो एकही निवडणूक जिंकला नाही. त्याच्या पक्षाला पडलेली मतं शंभरात एकाच्या आसपास घुटमळत राहिली. तरीही दुसऱ्या महायुद्धातला सर्बिया समजून घ्यायचा, तर या माणसाला ओलांडून पुढे जाता येत नाही.

त्याच्या चरित्रात मी शिरलो तो एका तपशिलामुळे. दिमित्रियेचे वडील व्लादिमीर ल्योतिच हे कम्युनिस्ट जाहीरनामा सर्बियन भाषेत आणणारे पहिले अनुवादक. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला, मार्क्स हयात असताना, त्यांनी हे काम केलं. पुढे सर्बियातल्या कम्युनिस्टांचा सर्वांत कडवा वैरी ठरलेला माणूस ज्या घरात वाढला, त्या घरात हा जाहीरनामा बापाच्या लेखणीतून उतरला होता. हे वाचलं आणि पुस्तक खाली ठेववेना. वडिलांची दुसरी निष्ठा होती कारादजोर्दजेविच राजघराण्यावर. प्रतिस्पर्धी ओब्रेनोविच घराणं गादीवर असताना कट केल्याच्या आरोपावरून त्यांना देशाबाहेर काढलं गेलं होतं. क्रांतीचा जाहीरनामा आणि राजावरची भक्ती एकाच छातीत नांदू शकते, हे त्या काळाच्या बाल्कनचं वैशिष्ट्य. मुलानं त्यातली राजभक्ती तेवढी उचलली.

दिमित्रियेचा जन्म १२ ऑगस्ट १८९१ चा, बेलग्रेडचा. वाढला मात्र स्मेदेरेवोत. डॅन्यूबच्या काठावरचं हे गाव द्राक्षमळ्यांसाठी आणि पंधराव्या शतकातल्या अवाढव्य किल्ल्यासाठी ओळखलं जातं. या किल्ल्याकडे आपल्याला परत यायचं आहे. पोरगा अतोनात धार्मिक. काही काळ तर ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये धर्मगुरू व्हायचं त्याच्या मनात होतं. बेलग्रेडला कायदा शिकताना त्याला टॉलस्टॉयनं झपाटलं. वाईटाचा प्रतिकार हिंसेनं करू नये, ही टॉलस्टॉयची शिकवण त्यानं मनापासून स्वीकारली. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेत एक गुजराती बॅरिस्टर टॉलस्टॉय वाचून भारावले होते आणि त्याच्याशी पत्रव्यवहार करत होते. एकाच झऱ्याचं पाणी प्यायलेली ही दोन माणसं पुढे कुठल्या कुठे गेली, याचं नवल मला अजून ओसरलेलं नाही.

१९१३ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर तो पॅरिसला गेला आणि तिथे शार्ल मोरासच्या लेखनाशी त्याची गाठ पडली. मोरास हा फ्रेंच राजेशाहीवादी. लोकशाही राष्ट्राला पोखरते, संसद म्हणजे फाटाफुटीचा बाजार, राष्ट्र हवं तर राजा हवा, धर्म हवा, परंपरा हवी, ही त्याची मांडणी. ज्यू, फ्रीमेसन आणि परके लोक देश आतून पोखरतात, हाही त्या मांडणीचाच भाग. तरुण ल्योतिचला हे सगळं पटलं. टॉलस्टॉय मात्र पहिल्या महायुद्धाच्या चिखलात गळून पडला. सर्बियन सैन्यात लढताना ल्योतिच १९१५ मध्ये जखमी झाला. त्याच हिवाळ्यात त्या सैन्यानं अल्बानियाच्या बर्फाळ डोंगरांतून माघार घेतली, हजारो माणसं वाटेत गोठून आणि उपासमारीनं मेली. त्या युद्धातून बाहेर आलेला ल्योतिच बंदुकीला नाही म्हणणारा राहिला नव्हता.

युद्ध संपलं तरी तो काही काळ गणवेशात होता. १९२० मध्ये रेल्वे कामगारांनी संप केला, तेव्हा हा कम्युनिस्टांचा कट आहे अशी त्याची खात्री झाली आणि हाताखालच्या सैनिकांना त्यानं संपवाल्यांना अटक करायला लावली. कम्युनिस्ट या शब्दाची त्याच्या मनातली भीती इथून पुढे वाढतच गेली. याच काळात त्यानं लग्न केलं. बायको इव्का क्रोएट आणि कॅथलिक. ही गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण त्याला नुसता सर्ब वंशवादी समजलं की पुढचं सगळं चुकीचं वाचलं जातं. सर्ब, क्रोएट, स्लोव्हेन सगळ्यांचं मिळून एकच राष्ट्र, एकच राजा, हे त्याचं स्वप्न होतं.

मग स्मेदेरेवोत वकिली. चर्चच्या मंडळांवर काम. गावात मान. रॅडिकल पक्षाकडून १९२७ ची निवडणूक त्यानं लढवली. ५,६१४ मतं पडली, हरला, आणि पक्षही सोडला. पुढच्याच वर्षी, २० जून १९२८ रोजी, त्याच रॅडिकल पक्षाच्या पुनिशा राचिच या खासदारानं भर संसदेत पिस्तूल काढून क्रोएट खासदारांवर गोळ्या झाडल्या. क्रोएट शेतकऱ्यांचा लाडका नेता स्त्येपान रादिच त्या जखमांनी पुढे दगावला. संसद म्हणजे फाटाफुटीचा बाजार असं मोरासकडून शिकून आलेल्या माणसाला याहून मोठा पुरावा कुठला हवा होता? ६ जानेवारी १९२९ रोजी राजा अलेक्झांडरनं संसद बरखास्त करून सगळी सत्ता स्वतःकडे घेतली. ल्योतिचच्या दृष्टीनं देश मार्गावर आला.

१९३१ च्या फेब्रुवारीत राजानं त्याला कायदामंत्री केलं. काही महिन्यांतच त्यानं राजापुढे नव्या राज्यघटनेचा मसुदा ठेवला. त्यात पक्ष नाहीत. राष्ट्र म्हणजे एक शरीर. शेतकरी, कामगार, व्यापारी, वकील, डॉक्टर हे त्याचे अवयव. प्रत्येक अवयवानं आपल्या कामापुरतं बोलावं, डोक्याशी भांडू नये. सर्बियन खेड्यात घरच्या कर्त्या पुरुषाला 'दोमाचिन' म्हणतात. जमीन, गुरं, सुना-मुलं, पाहुणे, देवकार्य सगळं सांभाळणारा माणूस. ल्योतिचच्या विचारांत हा दोमाचिन फिरून फिरून येतो. देशही एक घर, त्यालाही एक कर्ता हवा. आपल्याकडे एकत्र कुटुंबात वाढलेल्या कुणालाही हे चित्र चटकन समजेल, आणि ते किती गोड वाटू शकतं तेही समजेल. पण घरात कर्त्याला नको असलेल्या माणसाचं काय होतं, हे ज्यानं पाहिलं आहे त्याला त्यातला धोकाही समजेल.

राजानं हा मसुदा घेतला नाही. त्यानं दुसरी, दिखाऊ का होईना पण निवडणुका असलेली घटना जाहीर केली. ल्योतिचनं राजीनामा दिला. त्याचं लोकशाहीचं वावडं राजाच्या हुकूमशाहीलाही झेपण्यापलीकडचं होतं.

९ ऑक्टोबर १९३४ रोजी मार्सेयमध्ये राजा अलेक्झांडरचा खून झाला. तीन महिन्यांनी, ६ जानेवारी १९३५ रोजी, ल्योतिचनं आपली संघटना उभी केली. हुकूमशाही जाहीर झाल्याला त्या दिवशी बरोबर सहा वर्षं झाली होती. नाव 'झ्बोर'. सर्बियन भाषेत या शब्दाचा अर्थ मेळावा, जमाव. शिवाय 'कामाची एकवटलेली लढाऊ संघटना' अशा अर्थाच्या लांबलचक नावाची ती आद्याक्षरंही होती.

मे १९३५ च्या निवडणुकीत झ्बोरला पंचवीस हजारांच्या आसपास मतं पडली, म्हणजे देशभरच्या मतांत शंभराला एकही नाही. यादी शेवटची आली. डिसेंबर १९३८ मध्ये ३०,७३४, म्हणजे शंभरात कसाबसा एक. एकही जागा नाही. सर्ब शेतकऱ्याला राजा हवा होता, चर्च हवं होतं, पण जर्मनीच्या वाटेनं जाणारा वकील त्याला नको होता. पहिल्या महायुद्धात जर्मन आणि ऑस्ट्रियन सैन्यानं सर्बियाची जी दशा केली, ती घराघरांत ताजी होती. ज्याच्या दारावरून प्रेतं गेली, त्याला त्याच सैन्याचं कौतुक ऐकवून मतं मागायची, हे जमणं शक्यच नव्हतं. आणि ल्योतिच हिटलरचं कौतुक करत होता. कम्युनिझम आणि ज्यू यांच्यापासून युरोपला वाचवणारा माणूस, असं त्याला वाटत होतं.

याच वर्षांत एक प्रकार घडला. झ्बोरला जर्मनीकडून पैसा मिळतो, हे उघड झालं. उघड केलं युगोस्लाव्हियाचा पंतप्रधान मिलान स्तोयादिनोविच याच्या सरकारनं. त्याच्या हाती पुरावे कुणी दिले? हेर्मान ग्योरिंगनं. हिटलरच्या उजव्या हाताला सत्तेवरचा स्तोयादिनोविच जास्त उपयोगाचा वाटत होता, म्हणून त्यानं आपल्याच पैशावर चालणारा भक्त सहज विकून टाकला. इतकं झाल्यावर एखाद्याचे डोळे उघडले असते. ल्योतिचचे उघडले नाहीत, आणि त्याच्या आयुष्यातली मला सर्वांत न उलगडणारी जागा हीच आहे.

ऑक्टोबर १९४० मध्ये त्याच्या तरुणांनी बेलग्रेडच्या तंत्रशास्त्र विद्याशाखेत डाव्या विद्यार्थ्यांवर हल्ला केला. सरकारनं झ्बोरवर बंदी घातली, शेकड्यानं धरपकड केली, ल्योतिच भूमिगत झाला. पन्नाशीला टेकलेला, बंदी घातलेल्या पक्षाचा, लोकांनी दोनदा नाकारलेला नेता. गोष्ट इथे संपायला हवी होती.

६ एप्रिल १९४१ च्या पहाटे जर्मन विमानांनी बेलग्रेडवर बॉम्ब टाकायला सुरुवात केली. राष्ट्रीय ग्रंथालय आतल्या लाखो पुस्तकांसह जळून गेलं. अकरा दिवसांत युगोस्लाव्हियानं शरणागती पत्करली. देश तुकड्यांत वाटला गेला आणि सर्बिया जर्मन लष्कराच्या थेट ताब्यात आला. ज्या दिवशी बाकी सगळ्यांचं सगळं गेलं, त्या दिवशी ल्योतिचवरची बंदी आपोआप उठली.

आता त्या किल्ल्याकडे. जर्मनांनी हस्तगत केलेला दारूगोळा स्मेदेरेवोच्या जुन्या किल्ल्यात साठवला होता. ५ जून १९४१ रोजी त्याचा स्फोट झाला. पाचशे वर्षं उभ्या असलेल्या भिंती फुटल्या, गावाचा मोठा भाग जमीनदोस्त झाला, दोन हजारांहून अधिक माणसं मेली. त्या गावाची पुनर्बांधणी करण्यासाठी खास आयुक्त म्हणून कुणाला नेमलं? ल्योतिचला. लहानपणचं गाव, तो ढिगारा, आणि त्या ढिगाऱ्यावरचा अधिकार जर्मनांकडून मिळालेला. युद्धाच्या काळात त्यानं स्वीकारलेलं अधिकृत पद जवळपास एवढंच. मंत्रिपद नाही, पंतप्रधानपद नाही. जर्मन त्याच्यावर इतर कुठल्याही सर्बापेक्षा जास्त विसंबून होते, पण लोकांत त्याला किती किंमत आहे हे त्यांनाही कळत होतं आणि त्यालाही. सरकारचा चेहरा म्हणून त्यांनी जनरल मिलान नेदिच याला बसवलं. नेदिच हा ल्योतिचचा नात्यातला भाऊ. ऑगस्ट १९४१ च्या अखेरीस त्याचं सरकार आलं. ल्योतिचची माणसं आत बसली, तो स्वतः बाहेर राहिला.

मराठीत अशा माणसाला आपण फितूर म्हणतो. तो शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे येतो वतनाच्या तुकड्यासाठी रात्री किल्ल्याचा दरवाजा उघडणारा. पैसा, सूड, भीती यांपैकी काहीतरी हवंच. ल्योतिचला या साच्यात बसवायला गेलं की तो बसत नाही. तो पैशासाठी गेला नाही, खुर्चीसाठी गेला नाही. विशीपासून ज्या दिशेनं तो चालत होता, त्याच दिशेनं चालत राहिला, आणि एका सकाळी त्या रस्त्यावर जर्मन रणगाडे उभे होते. म्हणून तो कमी दोषी ठरतो असं मला मुळीच वाटत नाही. लाच घेणारा फितूर निदान आपण काय विकलं हे जाणतो. ल्योतिच शेवटपर्यंत स्वतःला देशभक्त समजत राहिला, आणि त्यामुळे त्याच्या हातून जे घडलं त्याला आतून कुठला लगामच नव्हता.

जुलै १९४१ मध्ये सर्बियात उठाव सुरू झाला. कम्युनिस्ट पार्टिझान आणि राजनिष्ठ चेतनिक, दोघेही जर्मनांवर तुटून पडू लागले. सप्टेंबरमध्ये ल्योतिचच्या माणसांनी स्वयंसेवकांची दलं उभारली. सुरुवातीला नाव नोंदवणारे २३४ जण होते, झ्बोरचे सदस्य. पुढे याच दलांची 'सर्बियन स्वयंसेवक कोर' झाली, कर्नल कोस्ता मुशिच्की तिचा सेनापती झाला, आणि १९४४ च्या ऑगस्टपर्यंत संख्या दहा हजारांच्या जवळ गेली. सर्ब सशस्त्र गटांपैकी जर्मनांचा खरा विश्वास फक्त यांच्यावर. बाकीचे पगारासाठी किंवा जिवाच्या भीतीनं उभे होते आणि रात्री पार्टिझानांना जाऊन मिळत. ल्योतिचेवत्सी, म्हणजे ल्योतिचची माणसं, पळत नसत. ते मानून लढत.

या कोरमधल्या एका गोष्टीनं मी थबकलो. प्रत्येक तुकडीत एक 'प्रोस्वेतार' असे. शब्दाचा सरळ अर्थ शिक्षक, ज्ञान देणारा. त्याचं काम सैनिकांना देव, राजा, राष्ट्र, ज्यूंचं कारस्थान, कम्युनिझमचं पाप हे सगळं शिकवणं, त्यांच्या मनावर लक्ष ठेवणं. समोरच्या पार्टिझान तुकडीत हेच काम करणारा माणूस असे, त्याला 'कोमेसार' म्हणत. एकाच डोंगराच्या दोन उतारांवर, एकाच भाषेत, संध्याकाळी दोन वर्ग भरत होते. ल्योतिचच्या साप्ताहिकाचं नाव 'नाशा बोर्बा', म्हणजे आमचा लढा. कम्युनिस्टांच्या मुखपत्राचं नाव 'बोर्बा', म्हणजे लढा. हिटलरच्या पुस्तकाचं नाव माझा लढा. शब्द तिघांनी वाटून घेतला होता.

आता जे सांगायचं आहे, ते सावकाश वाचा.

उठाव मोडण्यासाठी आलेल्या जनरल फ्रान्झ ब्योमेनं हुकूम काढला होता. मारल्या गेलेल्या प्रत्येक जर्मन सैनिकामागे शंभर माणसं मारायची, जखमी झालेल्या प्रत्येकामागे पन्नास. ऑक्टोबरच्या मध्याला गोर्नी मिलानोवाट्सजवळच्या चकमकीत दहा जर्मन मेले, सव्वीस जखमी झाले. कुणीतरी कागदावर गुणाकार केला. दहा गुणिले शंभर, एक हजार. सव्वीस गुणिले पन्नास, तेराशे. बेरीज २,३००. एवढी माणसं जवळच्या क्रागुयेवाट्स शहरातून आणायची ठरली. कारखान्याचं शहर, कामगारांचं शहर. २० ऑक्टोबरला माणसं गोळा करायला सुरुवात झाली. रस्त्यावरून, दुकानांतून, कचेऱ्यांतून. आकडा भरेना, तेव्हा शाळेतून. गिम्नाझियमच्या वरच्या वर्गांतली मुलं आणि त्यांचे शिक्षक चालू तासातून उठवून नेले. २१ तारखेला शहराबाहेरच्या शुमारित्से भागात त्यांना गटागटानं उभं करून मशिनगननं मारलं. मेलेल्यांचा आकडा ठरवलेल्या २,३०० वर थांबला नाही, २,८०० च्या जवळ गेला.

गोळ्या जर्मन सैन्याच्या. पण शहरात मारिसाव पेत्रोविचच्या हाताखाली ल्योतिचच्या स्वयंसेवकांची तुकडी हजर होती, आणि लोकांना गोळा करण्यात तिचा हात होता. ही माणसं स्थानिक भाषा बोलत होती. परक्या सैनिकाला कोण कोणत्या घरात राहतो, कोण कोणाचा मुलगा, हे ठाऊक नसतं. आपल्या माणसाला ते ठाऊक असतं. परक्या सत्तेला आपल्यातला माणूस लागतो तो याचसाठी.

दुसऱ्या दिवशी, २२ ऑक्टोबरला, बेलग्रेडमध्ये फ्रीमेसन आणि ज्यूंच्या विरोधात एक भव्य प्रदर्शन उघडलं. जर्मनांचा पैसा, नेदिच सरकारची आणि झ्बोरच्या लोकांची मदत. फ्रीमेसन, ज्यू आणि कम्युनिस्ट मिळून जग कसं गिळायला निघालेत, हे चित्रांतून, तक्त्यांतून, पुतळ्यांतून दाखवलेलं. शाळांच्या सहली यायच्या. जानेवारी १९४२ मध्ये ते बंद होईपर्यंत हजारो लोकांनी ते पाहिलं. त्याच महिन्यात त्यावर टपाल तिकिटांचा संच निघाला. विजयी सर्बिया आणि मोडून पडणारी ज्यू, फ्रीमेसन चिन्हं. आजही जुन्या तिकिटांच्या बाजारात ती विकली जातात. बोटाच्या पेराएवढा कागद, नीट छापलेला, मागे डिंक लावलेला. असं तिकीट कुणीतरी जिभेनं ओलं करून आईला लिहिलेल्या पत्राला चिकटवलं असेल. ते तिकीट बाजारात आलं, तेव्हा सर्बियातले बहुतेक ज्यू पुरुष मारून झाले होते. बायका आणि मुलं बेलग्रेडसमोर सावा नदीपलीकडच्या सायमिश्ते छावणीत होती. मार्च ते मे १९४२ या काळात सहा हजारांहून अधिक बायकामुलांना एका बंद ट्रकमध्ये भरून, इंजिनाचा धूर आत सोडून, शहराच्या रस्त्यांवरून नेता नेता मारण्यात आलं. झ्बोरची माणसं लपलेल्या ज्यूंना हुडकून देत होती. ल्योतिच वर्षानुवर्षं जे लिहीत आणि बोलत आला होता, त्याचा हिशेब असा चुकता झाला.

त्याच्या माणसांची आणखी एक संस्था सांगितली पाहिजे. स्मेदेरेव्स्का पालांका या गावी १९४२ मध्ये तरुणांसाठी सक्तीच्या शिक्षणाची संस्था निघाली. चालवणारे झ्बोरचे. कम्युनिस्ट म्हणून पकडलेली हजाराहून अधिक मुलंमुली तिथे ठेवली. काम, व्याख्यानं, प्रार्थना, पश्चात्ताप. जर्मन पकडलेल्यांना गोळ्या घालत होते, तेव्हा यांना या मुलांना सुधारायचं होतं. त्यात काहींचे जीव वाचले, हे खरं. जे सुधारले नाहीत त्यांना बेलग्रेडच्या बान्यित्सा छावणीत परत पाठवलं, आणि तिथून बहुतेक वाटा एकाच ठिकाणी जात, हेही खरं. शिकवण्याची ल्योतिचला विलक्षण ओढ होती. त्याच्या वर्गात नापास होणाऱ्याला दुसरी संधी मात्र नव्हती.

ऑक्टोबर १९४४ मध्ये पार्टिझान आणि सोव्हिएत सैन्यानं बेलग्रेड घेतलं. स्वयंसेवक कोर त्याआधीच पश्चिमेकडे निघाली होती. ती स्लोव्हेनियात, इटलीच्या सीमेजवळ येऊन थांबली आणि कागदोपत्री वाफेन-एसएस या नाझी लष्करी दलाच्या ताब्यात गेली. ल्योतिच तिथे शेवटचा डाव मांडत होता. चेतनिक, स्लोव्हेन कम्युनिस्टविरोधी, सगळ्यांना एकत्र करायचं, अलेक्झांडरच्या वारस राजाला बोलवायचं, आणि इंग्रज-अमेरिकन येतील तेव्हा त्यांच्यासोबत कम्युनिस्टांशी लढायचं. चार वर्षं हिटलरच्या पंखाखाली काढलेला माणूस ब्रिटिश आपल्याला मित्र मानतील असं धरून चालला होता.

२३ एप्रिल १९४५. हिटलरच्या मृत्यूला एक आठवडा उरला होता. आय्दोवश्चिनाजवळ रात्रीच्या अंधारात ल्योतिचची मोटार तुटलेल्या पुलाच्या भगदाडात गेली आणि तो जागीच मेला. वय त्रेपन्न. गोरित्साजवळच्या शेम्पेतर गावात त्याला पुरलं. दफनाच्या वेळी बिशप निकोलाय वेलिमिरोविच यांनी त्याचा गौरव केला. सर्बियन चर्चमधला हा मोठा माणूस स्वतः दाखाउच्या छळछावणीत राहून आलेला होता. २००३ मध्ये चर्चनं त्यांना संतपद दिलं. या एका प्रसंगात सर्बियाच्या त्या काळाची गुंतागुंत सगळी आहे, आणि ती सोडवून दाखवणं मला जमणार नाही.

ल्योतिचवर खटला चालला नाही. न्यायालयात उभं राहून त्याला कुणी प्रश्न विचारला नाही, क्रागुयेवाट्सच्या आईबापांना त्याचं उत्तर ऐकायला मिळालं नाही. नेदिच पकडला गेला आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये बेलग्रेडमध्ये कैदेत असताना खिडकीतून खाली पडून मेला. कोरमधले काही हजार जण इटलीत ब्रिटिशांच्या हाती पडले, छावण्यांत राहिले आणि पुढे जगभर पांगले. दोन हजारांहून अधिक जण ऑस्ट्रियात पोचले होते. त्यांना ब्रिटिशांनी युगोस्लाव्हियाला परत केलं. त्यातल्या बहुतेकांना कोचेव्ये भागातल्या जंगलात मारून खोल विवरांत टाकण्यात आलं. न चौकशी, न निवाडा. जिंकलेल्यांनी केलं म्हणून मी ते झाकणार नाही. ल्योतिचचा भाऊ याकोव म्युनिकमध्ये राहून त्याचेच विचार छापत राहिला. १९७४ मध्ये त्याचा खून झाला.

अलीकडे सर्बियात या माणसांना पुन्हा उजळवण्याचे प्रयत्न झाले. नेदिचला निर्दोष ठरवावं, असा अर्ज न्यायालयात गेला. २०१८ मध्ये बेलग्रेडच्या न्यायालयानं तो फेटाळला. ल्योतिच मनानं प्रामाणिक होता, श्रद्धाळू होता, असं म्हणणारे आजही भेटतात. होता, हे मी मान्य करतो. पण त्याच्या श्रद्धेची किंमत दुसऱ्यांच्या मुलांनी मोजली, हे त्यांनी त्याच दमात म्हणायला हवं.

शुमारित्सेत आता मोठं उद्यान आहे. हिरवळीवर एक पांढरं स्मारक उभं आहे. मोडलेल्या पंखांसारख्या दोन पाती, त्यांवर मुलांच्या आकृत्या. १९६३ मध्ये मियोद्राग झिव्कोविच या शिल्पकारानं ते घडवलं. दरवर्षी २१ ऑक्टोबरला तिथे कार्यक्रम होतो, कवी आणि कलाकार नव्या रचना सादर करतात, देशभरातून शाळकरी मुलं येतात. हा दिवस आता सर्बियात राष्ट्रीय स्मृतिदिन आहे. त्या कार्यक्रमाला तिथे नाव आहे 'वेलिकी श्कोल्स्की चास'. म्हणजे शाळेचा मोठा तास.